डिप्रेशनची गोळी सुरू करायचीये? आधी साइड इफेक्टचा विचार करा, गोळी मग ठरेल

डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय की डिप्रेशन आहे, गोळी घ्यावी लागेल, आणि घरी येऊन स्ट्रिपवरचं नाव मोबाइलवर टाकल्यावर साइड इफेक्टची भलीमोठी यादी बघून गोळी तशीच ड्रॉवरमध्ये पडून राहिलीये, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. घरच्यांच्या औषधपाण्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांकडे बरीच वर्षं जाणं-येणं आहे, त्यातून विचारून, वाचून जे कळलं ते सांगतोय. कुठली गोळी, किती डोस, कधी बदलायची, कधी थांबवायची हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायचीये. कुठला त्रास तुम्ही चालवून घ्याल आणि कुठला अजिबात चालणार नाही हे फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि गोळीची निवड बरीचशी त्यावरच होते. ते डॉक्टरांना आधी सांगितलंत तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचतो.

का ते बघा. २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला होता. ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांहून जास्त पेशंट, २१ वेगवेगळी अँटिडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनवरची औषधं. ती सगळीच्या सगळी आत औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण एकमेकांशी तुलना केली तर फरक फार मोठा नव्हता. साइड इफेक्टमध्ये मात्र भरपूर फरक असतो. एका गोळीने झोप उडते, दुसरीने सकाळी उठवत नाही, एकीने आठवडाभर अन्नावरची वासना जाते तर दुसरीने चार महिन्यांत कपडे घट्ट होतात. म्हणजे "सगळ्यात भारी गोळी कुठली" असं विचारून फारसं काही हाती लागत नाही, "माझ्या शरीराला आणि माझ्या कामाला कुठली जमेल" असं विचारा.

पायरी १ : आधी हे तपासून घ्या

डिप्रेशन सौम्य असेल तर बऱ्याचदा गोळीच्या आधी समुपदेशन, विशेषतः सीबीटी म्हणतात ती, विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी पद्धत, आणि नियमित व्यायाम यांनी सुरुवात करतात, तेव्हा "गोळीशिवाय करून बघता येईल का" हे विचारायला अजिबात संकोच करू नका. मध्यम किंवा तीव्र असेल, म्हणजे जेवण-झोप-कामधंदा सगळं कोलमडलंय, मरणाचे विचार येतायत, तर गोळी लांबणीवर टाकू नका, तिथे गोळी आणि समुपदेशन दोन्ही मिळून जास्त फायदा होतो.

रक्ताच्या तपासण्या करून घ्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२. थायरॉईड कमी पडला तरी माणूस असाच मलूल, उदास, जड होतो, आणि पूर्ण शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी निघणं ही फार कॉमन गोष्ट आहे.

आणि एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही स्वतःहून सांगा, आधी कधी असे दिवस आले होते का की झोप दोन-तीन तासच पण थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले, डोक्यात मोठमोठे प्लॅन. घरात कुणाला बायपोलर, म्हणजे कधी टोकाची उदासी तर कधी असा अति उत्साह येणारा आजार, आहे का तेही सांगा. कारण बायपोलर असेल तर नुसतं अँटिडिप्रेसंट दिल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, तिथे औषधाची सुरुवातच वेगळी होते.

पायरी २ : एक कागद घ्या आणि लिहा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच लोक सोडून देतात. डॉक्टरांच्या समोर बसल्यावर डिप्रेशनमध्ये काही आठवत नाही, बोलायलाही सुचत नाही, म्हणून घरीच लिहायचं, नाहीतर घरच्यांपैकी कुणाला लिहायला सांगायचं.

पहिलं, सध्या चालू असलेली सगळी औषधं. नावं लिहिण्यापेक्षा स्ट्रिपाच पिशवीत घालून न्या. हे मी आग्रहाने का म्हणतोय ते एका उदाहरणाने सांगतो. आपल्या घराघरांत आई-बाबांची बीपीची गोळी असते, सगळे तिला "बीपीची गोळी" एवढंच म्हणतात. पण स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर कित्येकदा टेल्मिसार्टनच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन निघतं, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, आणि त्याने रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांनीही वयस्कर माणसांत सोडियम कमी होऊ शकतं. दोन्ही एकत्र आलं की पहिल्या काही आठवड्यांत आजी एकदम गोंधळल्यासारख्या करतात, तोल जातो, डोकं दुखतं, आणि घरच्यांना वाटतं डिप्रेशन वाढलं किंवा वयामुळे होतंय. एक साधी सोडियमची तपासणी, औषध सुरू करायच्या आधी आणि मग दोन ते चार आठवड्यांनी, एवढ्याने हे पकडता येतं. घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर ही तपासणी डॉक्टरांना आठवणीने विचारा.

तसंच पेनकिलर. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या एसएसआरआय या डिप्रेशनच्या सगळ्यात नेहमीच्या गोळ्यांच्या गटातल्या औषधांबरोबर सतत घेतल्या तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी आणि खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांची अँटिडिप्रेसंटशी रिअ‍ॅक्शन होऊ शकते. अश्वगंधा, ब्राह्मी, ऑनलाइन मागवलेलं सेंट जॉन्स वर्ट नावाचं परदेशी वनस्पतीचं औषध, हे "नैसर्गिक आहे" म्हणून यादीतून गाळू नका, सेंट जॉन्स वर्ट तर या गोळ्यांबरोबर घ्यायचंच नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन या दोन गोळ्या त्याचा परिणाम कमी करू शकतात, हे कॅन्सरच्या आणि मनाच्या दोन्ही डॉक्टरांना माहीत हवं.

दुसरं, जुने आजार. फिट्स, हार्टचा प्रॉब्लेम, काचबिंदू, लिव्हर-किडनी, प्रोस्टेट, डायबिटीस. गरोदर आहात का, बाळाचा विचार चाललाय का, अंगावर पाजताय का. दारू किती घेता हे खरं खरं.

तिसरं, घरात आई-वडील-भावंडांपैकी कुणाला डिप्रेशनची कुठली गोळी लागू पडली किंवा सोसली नाही.

आणि चौथं, जे कुणी लिहीत नाही, तुमचा दिवस कसा असतो. रात्रपाळी आहे का. गाडी, मशीन चालवता का. दिवसभर उन्हात शेतात काम असतं का. शाळेत चार-पाच तास बोलावं लागतं का. आधीच वजनाचा किंवा शुगरचा प्रश्न आहे का. लग्न नुकतंच झालंय का. आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत, "मला हे अजिबात चालणार नाही" अशा एक किंवा दोन गोष्टी. दहा लिहू नका, त्रास शून्य अशी गोळी नसते. एक-दोनच.

पायरी ३ : कुठल्या गोळीचा कल कुठे

नावं औषधाची लिहितोय, कंपनीची नाही, कारण तेच औषध आपल्याकडे डझनावारी नावांनी मिळतं. स्ट्रिपवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात खरं नाव असतं ते वाचायची सवय लावा.

बहुतेकांची सुरुवात एसएसआरआय गटाने होते. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, पॅरॉक्सेटीन. सुरुवातीला मळमळ, जुलाब किंवा पोट बिघडणं, डोकेदुखी, थोडी बेचैनी, घाम, हे कॉमन आणि बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत ओसरतं. टिकून राहतो तो लैंगिक त्रास, त्यावर पुढे बोलूच. गटातल्या गटातही फरक आहे. सर्ट्रालीनने पोट जास्त बिघडतं, पण हार्टच्या पेशंटला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला बऱ्याचदा हीच पसंत करतात. फ्लुओक्सेटीन थोडी तरतरी आणणारी, म्हणून सकाळी देतात, झोप आधीच उडाली असेल तर सुरुवातीला त्रास वाटू शकतो. पॅरॉक्सेटीनने वजन आणि लैंगिक त्रास दोन्ही जास्त, सोडतानाही कटकट जास्त, आणि बाळाचं प्लॅनिंग असेल तर शक्यतो टाळतात. एस्सिटॅलोप्रॅम साधारणपणे सोसायला सोपी, पण डोस वाढला की ईसीजीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ६५ च्या पुढच्या लोकांना सहसा १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत.

एसएनआरआय गट म्हणजे व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटीन. डिप्रेशनच्या जोडीला अंगदुखी असेल, किंवा डायबिटीसमुळे पायांची आग होत असेल तर ड्युलॉक्सेटीनने दोन्ही कामं होऊ शकतात. व्हेन्लाफॅक्सिनने बीपी वाढू शकतं, म्हणून बीपीवाल्यांनी घरी मोजत राहायचं. या गटात घामही जास्त येतो. डेसव्हेन्लाफॅक्सिनची गोळी तोडायची नाही, चावायची नाही, आणि कधी शौचात गोळीचं रिकामं टरफल अख्खं दिसलं तर घाबरू नका, औषध आत उतरलेलं असतं.

मिर्टाझापिन रात्री देतात. झोप येते, भूक लागते, लैंगिक त्रास कमी. ज्याची झोप गेलीये, अन्न जात नाहीये, वजन घटून हाडं वर आलीयेत त्याला ही गोळी म्हणजे एका औषधात तीन फायदे. पण शुगर आणि वजन आधीच जास्त असेल, किंवा पहाटे गाडी घेऊन निघावं लागत असेल तर हेच फायदे अडचणीचे होतात.

ब्युप्रोपिऑनने वजन वाढत नाही, लैंगिक त्रास फारसा नाही, झोपाळूपणा नाही. पण फिट्सचा इतिहास असेल तर ही द्यायची नाही, खाण्याचे विकार असतील तरी नाही, आणि रोज भरपूर पिणारा माणूस दारू अचानक बंद करणार असेल तरी नाही. म्हणूनच वर दारूचं खरं सांगा म्हटलं. घबराट, छातीत धडधड हा मुख्य त्रास असेल तर ही पहिली निवड सहसा नसते.

व्हॉर्टिऑक्सेटीन तुलनेने नवीन, लैंगिक त्रास कमी, मळमळ मात्र बऱ्याच जणांना होते, आणि महागही पडते.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, नॉरट्रिप्टिलिन या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या आजही वापरात आहेत, स्वस्त आहेत, दुखण्यावर आणि मायग्रेनवर चांगल्या. पण तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, लघवी अडणं, उठल्यावर चक्कर. शिक्षकाला, कीर्तनकाराला तोंडाची कोरड म्हणजे रोजची शिक्षा. आणि यांनी घाम कमी येऊ शकतो, विदर्भात मे महिन्यात उन्हात राबणाऱ्या माणसाला उष्माघाताचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

पायरी ४ : डॉक्टरांसमोर

गोळी मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात, समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट नाही. तज्ज्ञ जवळ नसतील किंवा फी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसिक आरोग्याची ओपीडी असते, आणि पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयांच्या ओपीडी आहेत, गोव्यात बांबोळीला. नावावर जाऊ नका, ओपीडीत रोज साधी नोकरदार, गृहिणी, कॉलेजची मुलं येऊन गोळ्या घेऊन जातात. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन या गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्तात मिळतात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा.

कागद पुढे करा आणि विचारा, ही गोळी का निवडली, सुरुवातीला काय त्रास होईल आणि तो किती दिवस, कमी डोसने सुरुवात करून वाढवता येईल का, त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, परत कधी दाखवायचं. दोन आठवड्यांत एकदा दाखवणं किंवा निदान फोन ठरवून घ्याच.

आणि एक गोष्ट नक्की बघा. आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं आणि भरपूर लिहिलंही जातं. सुरुवातीच्या बेचैनीला, झोपेला थोडे दिवस क्लोनाझेपाम उपयोगी पडतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याची सवय लागते, ते काही आठवड्यांपुरतंच असावं, आणि डिप्रेशनची गोळी मात्र महिनोन् महिने घ्यायचीये. दोन्ही एका गोळीत असली की एक कमी करून दुसरी चालू ठेवता येत नाही, मग माणूस वर्षानुवर्षं दोन्ही घेत बसतो आणि म्हणतो "डिप्रेशनच्या गोळीची सवय लागली". तेव्हा स्पष्ट विचारा, "डॉक्टर, दोन्ही वेगवेगळ्या गोळ्या द्याल का, आणि झोपेची कधी बंद करायची ते आजच लिहून द्याल का?" चांगले डॉक्टर या प्रश्नाला अजिबात रागावत नाहीत.

पायरी ५ : पहिले दोन आठवडे

हा काळ सगळ्यात कठीण, कारण त्रास पहिल्या दिवसापासून आणि फायदा दोन ते चार आठवड्यांनी. बहुतेक गोळ्या इथेच सुटतात.

मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी चहाबरोबर नको. उपवासाच्या दिवशीही काहीतरी पोटात घालून मगच. झोप येत असेल तर रात्री आणि झोप उडत असेल तर सकाळी, पण वेळ बदलायची ती डॉक्टरांना विचारून. पहिला आठवडाभर शक्यतो गाडी नको. दारू नको.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे हिशेब लिहितो तिथेच, रोज रात्री चार गोष्टी लिहा. मूड दहापैकी किती, झोप किती तास, गोळी घेतली का, त्रास कुठला आणि किती. उदाहरणार्थ "मूड ३, झोप ५, गोळी हो, मळमळ दुपारपर्यंत". एवढंच. दोन आठवड्यांनी हे पान मोबाइलवर फोटो काढून दाखवलं की डॉक्टरांना दिसतं की मळमळ नवव्या दिवशी थांबलीये, झोप चारवरून सहावर आलीये आणि मूड अजून तिथेच आहे, आणि तुम्हालाही दिसतं की काहीच होत नाहीये असं जे वाटतंय ते पूर्ण खरं नाहीये. मूडच्या आधी झोप, भूक, अंघोळीला उठणं हे सुधारतं, आणि ते बऱ्याचदा पेशंटच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं.

आता ज्या गोष्टींत वाट बघायची नाही त्या. एका जागी बसवतच नाही अशी भयंकर अस्वस्थता, एकदम चिडचिड, मरणाचे विचार नव्याने किंवा जास्त येणं, हे विशेषतः २५ च्या आतल्या मुलांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर लक्ष ठेवून बघायचं, अमेरिकेत या गोळ्यांवर तसा ठळक इशाराच छापला जातो, २००४ मध्ये तो लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी ठरला आणि २००७ मध्ये २५ च्या आतल्या तरुणांपर्यंत वाढवला. झोप उडून अचानक अति उत्साह. ताप, थरथर, खूप घाम, जुलाब आणि गोंधळ हे सगळं एकत्र. अंगावर पुरळ, चेहरा सुजणं. काळी शौच. म्हाताऱ्या माणसाचं बरळणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर किंवा दवाखाना. मरणाचे विचार येत असतील तर गोळ्यांचा साठा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा, हातात रोजची रोज द्या, माणसाला एकटं सोडू नका. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. आत्ता वाचताना तुमच्या स्वतःच्या मनात तसं येत असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी फोन करा आणि घरात जो कुणी जवळ आहे त्याला सांगा.

पायरी ६ : सहा-आठ आठवड्यांनी हिशेब

पुरेशा डोसवर सहा ते आठ आठवडे झाल्याशिवाय "ही गोळी लागू पडत नाही" असं सहसा म्हणत नाहीत, पण चार आठवड्यांत तसूभरही फरक नसेल तर तेव्हाच बोलायला हवं. अमेरिकेत स्टार-डी नावाचा चार हजारांवर पेशंटचा मोठा अभ्यास झाला होता, त्याचे निकाल २००६ मध्ये आले, पहिल्या औषधाने पूर्ण बरे वाटलेले साधारण एक तृतीयांशच होते. म्हणजे पहिली गोळी न जमणं हे अगदी नेहमीचं आहे, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. मग डोस वाढवणं, गोळी बदलणं, जोडीला दुसरी देणं असे रस्ते असतात.

आता लैंगिक त्रासाचं. इच्छा जाणं, वेळ लागणं, परमोच्च सुखापर्यंत न पोचणं, हे एसएसआरआय आणि एसएनआरआय घेणाऱ्या बऱ्याच स्त्री-पुरुषांना होतं, आणि मुकाट्याने गोळी सोडून देण्याचं हे फार मोठं कारण आहे. बायको म्हणते याचं माझ्यात मन नाही, नवऱ्याला वाटतं आपल्यातच काही कमी झालं, आणि दोघांपैकी कुणालाच माहीत नसतं की हे गोळीमुळे आहे. डिप्रेशननेही इच्छा जाते, म्हणून गोळीच्या आधी कसं होतं ते सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं. बोलायची लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या, "गोळी सुरू झाल्यापासून वैवाहिक संबंधात अडचण आहे", एवढं वाक्य पुरे. डोस कमी करणं, गोळी बदलणं असे उपाय आहेत, आणि बहुतेकांना त्यातून मार्ग मिळतो. वजनाचंही तसंच, दर महिन्याला त्याच काट्यावर मोजा आणि दोन-तीन किलो वाढताच सांगा, दहा किलो व्हायची वाट बघू नका.

पायरी ७ : बरं वाटल्यावर

बरं वाटलं की गोळी बंद करायचा मोह होतो आणि घरचेही म्हणतात "आता कशाला". पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल तरी पूर्ण बरं वाटल्यापासून निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, वारंवार आलं असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. आधी सोडली तर आजार परत यायची शक्यता बरीच वाढते.

सोडायची तीही हळूहळू, आठवड्या-महिन्यांत डोस उतरवत. अचानक बंद केली तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, चित्रविचित्र स्वप्नं, रडू येणं, चिडचिड. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सिनला हे जास्त, कारण ती शरीरातून पटकन निघून जातात, फ्लुओक्सेटीन आठवडेच्या आठवडे रेंगाळते म्हणून तिला कमी. हे झटके दोन-चार दिवसांत सुरू झाले आणि गोळी परत घेतल्यावर लगेच थांबले तर ते सोडण्याचे, आणि हळूहळू काही आठवड्यांनी पुन्हा झोप बिघडली, माणसं नकोशी वाटायला लागली तर तो आजार परत येतोय, असा ढोबळ फरक डॉक्टर सांगतात. शेवटचे छोटे डोस उतरवताना सगळ्यात जास्त सावकाश जायचं. गावाला जाताना, लग्नसराईत, दिवाळीच्या सुट्टीत केमिस्ट बंद असताना गोळ्या संपणं हे नकळत अचानक बंद होण्याचं नेहमीचं कारण आहे, म्हणून निघण्याआधी स्ट्रिप मोजा आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बाळाचा विचार असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, तीन-चार महिने आधीच डॉक्टरांशी बोला, बऱ्याच जणींना योग्य गोळी चालू ठेवूनच गरोदरपण पार पाडता येतं.